रिटर्न कोड शून्य, यादी चुकीची

सोलापुरातून पोरं हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला मुलाखतींना जातात आणि त्यातली काही मेनफ्रेमच्या कामावर लागतात. तिथे कोबोल शिकवतात, जेसीएल शिकवतात. सॉर्टचं कार्ड मात्र 'जुन्या जॉबातनं उचल' एवढ्यावरच भागतं.

मी काम करत होतो तिथला रात्रीचा एक जॉब थकबाकीदारांची यादी काढायचा, सगळ्यात मोठी बाकी वर. कित्येक वर्षं तो सुरळीत चालला. मग परताव्याच्या रकमा त्याच फाइलमध्ये उणे म्हणून येऊ लागल्या, आणि ज्यांना आपणच पैसे द्यायचे ते ग्राहक यादीत वर चढले. वसुलीवाल्यांनी त्यांना फोनही लावले. जॉब पडला नव्हता. रिटर्न कोड शून्यच होता.

कार्डावर लिहिलं होतं २१,५,सीएच,डी. म्हणजे एकविसाव्या बाइटपासून पाच बाइट अक्षरं समजून उतरत्या क्रमाने लाव. पण ती रक्कम होती कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड. चादरीच्या पेढीचा हिशेब धरा: एका व्यापाऱ्याकडून ९,००० रुपये येणं, दुसऱ्याला ९,००० देणं. दोन्ही रकमांचे पहिले चार बाइट हुबेहूब सारखे. फरक फक्त शेवटच्या अर्ध्या बाइटात: अधिक असेल तर सी, उणे असेल तर डी. सीएचला हे चिन्ह आहे हे कळत नाही, त्याला डी हा सी पेक्षा मोठा एवढंच दिसतं. म्हणून देणं येण्याच्याही वर बसतं. सगळ्या रकमा अधिक होत्या तोवर सीएचनेही उत्तर बरोबरच दिलं, आणि खरा घात तिथेच आहे. सीएचच्या जागी पीडी लिहिलं की काम झालं.

झोन्ड रकमेला झेडडी लावा. तिथे उणे १२३ पडद्यावर '१२एल' दिसतं. नवखी मंडळी त्याला कचरा समजतात. चिन्ह असलेल्या बायनरीला एफआय. बीआय लावलंत तर उणे आकडे सगळ्यात मोठे ठरतात.

दुबार नोंदी काढून टाकतानाही हेच. बिनचिन्हाच्या पॅक्ड आकड्याच्या शेवटी बहुधा एफ असतो. तोच आकडा एकीकडे सी ने आणि दुसरीकडे एफ ने संपत असेल, तर सीएचला ती दोन वेगळी मूल्यं वाटतात आणि दोन्ही नोंदी मागे राहतात.

कार्ड लिहिण्याआधी कॉपीबुकातला पिक्चर वाचा, मग आयएसपीएफमध्ये हेक्स ऑन करून खरी फाइल बघा. आकडा वर-खाली असा नागमोडी वाचावा लागतो, सवय होते. फाइल व्हीबी असेल तर सुरुवातीचे चार बाइट लांबीच्या नोंदीचे, म्हणून कॉपीबुकातली २१ वी जागा कार्डावर २५ होते. चाचणीच्या फाइलमध्ये एक उणे रक्कम, एक शून्य आणि एक बिनचिन्हाचा आकडा मुद्दाम टाका.

जॉब लिनक्सवर हलवणार असाल तर अक्षरांचा क्रमही तपासा. एबसिडिकमध्ये आधी लहान लिपीतली इंग्रजी अक्षरं, मग मोठी, शेवटी अंक. आस्कीत अंक आधी, मग मोठी, मग लहान. सांकेतांकांत अक्षरं आणि अंक मिसळलेले असतील तर दोन्हीकडच्या याद्या जुळणार नाहीत. त्यामुळे पुढचा प्रोग्राम जुन्या क्रमावर विसंबून दोन फाइली जुळवत असेल, तर तो आधी शोधून ठेवा.