आतड्याचा पीळ सुटतो कसा?

खानदेशात पोटात मुरडा आला की आधी ओव्याचा डबा उघडतो. इथल्या मुलांना औषधशास्त्र शिकवताना हाच ओवा, पुदिना, कुडा मी प्रयोगशाळेत पारखत आलो. त्यातून पक्के झालेले काही धडे:

१. आतड्याला आधी स्थिरावू द्या. खाटकाकडून बोकडाचं ताजं आतडं थंड टायरोड द्रावणात (आतडं जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्यात) आणायचं. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा हलक्या हाताने धुऊन, दोन्ही टोकांना दोरा बांधून, ३७ अंशांच्या द्रावणात टांगायचा आणि खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. द्रावण बदलत अर्धा तास तरी थांबावं. घाईत ओढलेला तुकडा पुढचे सगळे आलेख बिघडवतो.

२. जळगावचा मे महिना ध्यानात ठेवा. पारा ४५च्या आसपास गेला की खोलीच ३७च्या वर जाते. आपल्या साध्या उपकरणाला पाणी तापवता येतं, गार करता येत नाही. प्रयोग सकाळीच उरकावा.

३. झाडाचा अर्क घातल्यावर आतडं सैल झालं, पण कुठल्या वाटेने, ते विचारा. पेशीत कॅल्शियम वाढलं की स्नायू आवळतो. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन, आतड्याला आवळायला लावणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलिनची जागा अडवतं. पुदिन्याच्या तेलातलं मेंथॉल आणि ओव्यातलं थायमॉल कॅल्शियमची आत येण्याची वाट अडवतात. म्हणून अर्क दोनदा तपासावा. अ‍ॅसिटिलकोलिनने आवळलेलं आतडं सुटलं, पण जादा पोटॅशियमने आवळलेलं सुटलं नाही, तर काम अ‍ॅट्रोपिनच्या जातीचं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही सुटली, तर कॅल्शियमची वाट तपासायला घ्या.

४. वाटा आणखीही आहेत. मुंबईत हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात कोलियसच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळं काढलं गेलं. गुजरातेत या मुळांचं, गरमरचं, लोणचं घालतात. फोर्स्कोलिन पेशीतलं सायक्लिक एएमपी हे निरोप पोचवणारं रसायन वाढवतं आणि स्नायू ढिला पडतो. आपल्या परसातल्या झाडांकडेही त्याच नेटाने पाहायला हवं.

५. एकाच झाडात दोन गुण असू शकतात. सातपुड्यातल्या कुड्याची साल आवेवर पूर्वापार देतात. तिच्या अर्कात आतडं आवळणारे आणि सैल करणारे, असे दोन्ही गुण दिसतात. चढत्या मात्रांचा पूर्ण आलेख हाती आल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

६. धोतरा घरी औषध म्हणून कधीही वापरू नका. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस भ्रमात बरळतो, जीवही जातो. धोतऱ्यात असणाऱ्या स्कोपोलामिनपासून तयार केलेलं हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून डॉक्टर ते मुरड्यावर देऊ शकतात.

७. कळ थांबली म्हणजे आजार थांबला, असं नाही. पोटाच्या उजव्या बाजूला खाली दुखतंय, ताप आहे, उलट्या होताहेत, पोट हाताला कडक लागतंय, तर काढे-चूर्ण देत रात्र काढू नका. शिरपूर असो की चोपडा, लगेच दवाखाना गाठा.