ताप किती, ते आकडा सांगतो

पावसाळा आला की लालबाग-परळच्या चाळींत कुणाच्या ना कुणाच्या घरी ताप येतोच. आई मुलाच्या कपाळाला हात लावून म्हणते, "अंग चांगलंच तापलंय." शेजारच्या मावशी हात लावतात अन् म्हणतात, "छे गं, एवढं काही नाही." खरे कोणाचे? भांडी घासून गार झालेल्या हाताला अंग जास्त गरम लागते. शेगडीपाशी तापलेल्या हाताला तेच अंग साधे लागते. म्हणून आपण ताप थर्मामीटरने मोजावा.

पूर्वी घरोघर पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर असे. तो फुटला की पारा सांडे, आणि पारा विषारी. आता बॅटरीवर चालणारा, आकडे दाखवणारा थर्मामीटर औषधांच्या दुकानात मिळतो.

तो असा लावावा:

१. चहा किंवा गार पाणी घेतले असेल तर अर्धा तास थांबावे.

२. थर्मामीटरचे टोक साबणाने व साध्या पाण्याने धुऊन पुसावे. उकळत्या पाण्यात घालू नये.

३. बटण दाबावे. टोक जिभेखाली, एका बाजूला आत ठेवावे. ओठ मिटावेत.

४. टीं-टीं आवाज होईपर्यंत काढू नये.

पाच वर्षांखालच्या मुलाला काखेत लावावा. आधी घाम पुसावा आणि मुलाचा हात अंगाशी दाबून धरावा. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. म्हणून डॉक्टरांना 'काखेत मोजला' असे सांगावे.

आता आकडा वाचू. तो इंग्रजी असतो. त्यातले टिंब विसरू नये. ९८.६ च्या आसपास म्हणजे अंग ठीक. १००.४ किंवा जास्त म्हणजे ताप. कधी ३७ दिसते. घाबरू नका, ते सेल्सिअसचे माप. ३७ म्हणजेच ९८.६, आणि ३८ म्हणजे १००.४.

आकडा लगेच लिहून ठेवावा:

मंगळवार, सकाळी ८ – ९९.०
संध्याकाळी ६ – १०२.४, थंडी वाजली
रात्री १० – ९८.८, गोळी दिल्यावर

रात्री ताप उतरला की घरचे म्हणतात, "गेला ताप!" पण मलेरियाचा ताप असाच चढतो नि उतरतो. हा कागद पाहून डॉक्टरांना तापाची चाल कळते.

२००५ सालच्या जुलैतल्या पुरानंतर मुंबईत लेप्टोच्या तापाने माणसे दगावली. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. पालिकेचा दवाखाना किंवा परळचे के. ई. एम. गाठावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप दिसला तर एक तासही घरी थांबू नये.

थर्मामीटर रोग ओळखत नाही. ते काम डॉक्टरांचे. आकडा नीट वाचणे आणि लिहिणे हे काम आपले. आता ते आपल्याला येते.