धावणे आणि योगासने

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेत वसलेले आहे. पहाटे मैदानावर गेलात, तर अनेक मुले-मुली धावताना दिसतील. त्यांपैकी कितीतरी जणांना पोलीस दलात किंवा सैन्यात भरती व्हायचे असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांपैकी २० गुण लांब धावेला आहेत. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते.

काही मुले मोठ्या उत्साहाने सराव सुरू करतात. थोड्याच दिवसांत त्यांच्या नडग्या व गुडघे दुखू लागतात. मग सराव सुटतो आणि नोकरीची संधीही हातून जाते. असे का होते?

धावताना एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते. प्रत्येक पावलाला जमिनीचा दणका बसतो. हा दणका शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट असतो. तुमचे वजन ४५ किलो असेल, तर एका पायावर ९० किलोंपेक्षा जास्त भार येतो! मलकापूरच्या वाटेवर राजूर घाट आहे. अशा रस्त्याने चढताना पोटऱ्यांना जास्त काम पडते. उतरताना मांड्या आणि गुडघे भार सोसतात. रोज धावून पोटऱ्या व मांडीचे मागचे स्नायू आखडतात. पोट, पाठ आणि खुबा यांच्या स्नायूंना मात्र पुरेसा व्यायाम मिळत नाही.

ही उणीव योगासनांनी भरून निघते. पश्चिमोत्तानासनाने मांडीमागचे स्नायू मोकळे होतात. अधोमुख श्वानासनाने पोटऱ्यांना ताण मिळतो. बद्धकोनासनाने खुबे मोकळे होतात. सेतुबंधासनाने पाठ व कंबर बळकट होते. वृक्षासनात एका पायावर उभे राहावे लागते. त्यामुळे तोल सुधारतो. धावतानाही जमिनीवर एका वेळी एकच पाय टेकतो, हे तुमच्या लक्षात आले का?

केव्हा काय करावे, हेही समजून घ्या. धावण्यापूर्वी स्नायू फार वेळ ताणून धरू नयेत. त्याने त्यांचा जोर थोडा वेळ कमी होतो. आधी पाच मिनिटे भरभर चाला, हातपाय हलवा. धावून झाल्यावर सावकाश आसने करा. प्रत्येक आसनात अर्धा मिनिट थांबा. श्वास रोखू नका. शेवटी शवासन करा.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाई. पुढे तो सैन्यात गेला. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०२३ मध्ये आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकले. या शर्यतीतील अडथळे सुमारे ९१ सेंटिमीटर उंच असतात. ते ओलांडायला पायांत जोर हवा आणि खुबेही लवचीक हवेत. दोन्ही गुण सरावानेच येतात.

योगाच्या अभ्यासात महाराष्ट्राचे मोठे काम आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी यंत्रांच्या साहाय्याने तपासले. आपल्या विदर्भात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून व्यायामाचे शिक्षण देत आहे.

मित्रांनो, आसने म्हणजे धावण्याचा पर्याय नव्हे. धावल्याशिवाय दम वाढत नाही. आसनांनी शरीर त्या सरावासाठी तयार राहते. आसने शिक्षकांकडून शिका. शरीराला झटके देऊ नका. दुखणे तीन-चार दिवसांत थांबले नाही, तर धावणे बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. घाटात वाहने असतात, म्हणून मैदानावरच धावा. घाई करू नका. थोडे थोडे, पण रोज करा. भरतीचा दिवस एक असतो; तयारी मात्र अनेक महिन्यांची असते.

शब्दार्थ
नडगी – गुडघ्याखालचे पुढचे हाड
पोटरी – गुडघ्याखालचा मागचा मांसल भाग
खुबा – मांडी जेथे कमरेला जोडलेली असते तो सांधा
आखडणे – ताठ होणे
लवचीक – सहज वाकणारा

स्वाध्याय
१. नव्याने धावणाऱ्या काही मुलांचा सराव का सुटतो?
२. धावण्यापूर्वी काय करावे? धावल्यानंतर काय करावे?
३. ‘आसने म्हणजे धावण्याचा पर्याय नव्हे,’ असे लेखात का म्हटले आहे?
४. वाक्यात उपयोग करा : उणीव भरून निघणे, संधी हातून जाणे.