हत्तीरोगाचे निदान : मध्यरात्रीच्या काचपट्टीपासून दिवसाच्या चाचणीपर्यंत

पूर्व विदर्भातील आमच्या वाचकांना हत्तीरोगाची नव्याने ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु त्याच्या रक्ततपासणीविषयी रुग्णांच्या कुटुंबीयांत अनेक गैरसमज आढळतात. त्यांचे निरसन व्हावे आणि देणगीदार व विश्वस्तांनाही या शास्त्राची वाटचाल ज्ञात व्हावी, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

हा रोग प्रामुख्याने 'वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी' या कृमीमुळे होतो व आपल्याकडे क्युलेक्स डासामार्फत पसरतो. प्रौढ कृमी लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात; त्यांची सूक्ष्म पिले, म्हणजेच मायक्रोफायलेरिया, रक्तात उतरतात. १८७२ साली टिमथी लुईस यांनी कलकत्ता येथे ती मानवी रक्तात पाहिली. दिवसा ही पिले फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण दहा ते दोन या वेळेत त्वचेलगतच्या रक्तात येतात. म्हणूनच रात्री रक्त घेऊन काचपट्टी तपासण्याची पद्धत रूढ झाली. परंतु दिवसभर राबून झोपलेल्या माणसाला उठवणे सोपे नसते. शिवाय पिले विरळ असल्यास एका थेंबात ती सापडतीलच असे नाही.

यावर उपाय म्हणून कृमीने रक्तात सोडलेला पदार्थ, म्हणजेच प्रतिजन, शोधण्याचे प्रयत्न झाले. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ संशोधन केले, ही आपल्या प्रदेशाला भूषणावह गोष्ट होय. १९९० च्या दशकात प्रतिजन दाखवणारी कार्ड चाचणी उपलब्ध झाली. पुढे तिची जागा पट्टीच्या चाचणीने घेतली. बोटातून ७५ मायक्रोलिटर रक्त घेतले की दहा मिनिटांत निष्कर्ष मिळतो, तोही दिवसाच्या कोणत्याही वेळी.

तथापि या चाचणीच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. औषधोपचाराने पिले नाहीशी झाल्यावरही प्रतिजन दीर्घकाळ रक्तात राहू शकते. केरळात आढळणारा 'ब्रुगिया मलायी' हा कृमी या चाचणीत दिसत नाही. त्यासाठी प्रतिपिंडांची वेगळी चाचणी करावी लागते. याउलट मध्य आफ्रिकेतील 'लोआ लोआ' कृमीच्या काही रुग्णांत ती चुकीने होकारार्थी येते.

कुटुंबीयांनी एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात ठेवावी. पाय सुजलेल्या अनेक रुग्णांची चाचणी नकारार्थी येते, कारण तोवर कृमी मेलेले असतात. लसिकावाहिन्यांची हानी मात्र उरलेली असते. अशा वेळी 'रोग नाही' असे समजून शुश्रूषा थांबवू नये. पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करणे, जखमांवर वेळीच उपचार घेणे, बसताना पाय उंच ठेवणे व योग्य पादत्राणे वापरणे यांमुळे तापाचे व वेदनांचे वारंवार येणारे झटके कमी होतात.

जिवंत कृमी आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी स्वस्त चाचणी ही आजची खरी गरज आहे. सामुदायिक औषधोपचार केव्हा थांबवावा, हा निर्णय अशाच चाचण्यांच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असतो. तो घाईने घेतला तर रोग पुन्हा डोके वर काढतो. म्हणूनच प्रयोगशाळेला दिलेले साहाय्य हे रुग्णाच्या खाटेला दिलेल्या साहाय्याइतकेच मोलाचे आहे, असे आम्ही मानतो.