नेरमध्ये घर बांधताय? भूकंपासाठी किती खर्च धरावा?

किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा तो भाग देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. 2002 साली तो झोनच रद्द झाला. मार्च आणि जुलै 2024 मध्ये नेरच्या यवतमाळ जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. नेरला धोका कमी आहे, पण आहे.

धोक्याचा अंदाज: फुकट
जुन्या भूकंपांच्या नोंदी, अंतर आणि जमीन पाहून शास्त्रज्ञ हादऱ्याची शक्यता काढतात. ‘50 वर्षांत 10 टक्के’ म्हणजे सरासरी 475 वर्षांतून एकदा. पण घर 100 वर्षं टिकलं तर हीच शक्यता 19 टक्क्यांवर जाते. एक-दोन मजली घरासाठी वेगळ्या अहवालावर पैसे घालवू नका. नकाशावर लागू झोन लिहून द्या, एवढं इंजिनिअरला सांगा.

जमिनीची पाहणी: मजुराची रोजी
मऊ मातीत हादरा वाढतो. काळ्या जमिनीत खड्डा घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहा. पाया तिथपर्यंत न्या.

लिंटेल पट्टा: खरा खर्च इथे
दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा भिंतींना एकत्र बांधतो. 9 इंची भिंतींची एकूण लांबी 40 मीटर धरा. पट्ट्याची जाडी 75 मिमी, आत 8 मिमीच्या दोन सळया, दर 150 मिमीवर 6 मिमीची रिंग. लागेल ते असं:

- सळई: जोड धरून सुमारे 55 किलो
- काँक्रीट: 0.69 घनमीटर, म्हणजे सिमेंटची साधारण साडेपाच पोती, शिवाय रेती-गिट्टी

दुकानातल्या आजच्या भावाने गुणा, सेंट्रिंग आणि मजुरी मिळवा.

कॉलमची रिंग: जवळपास फुकट
रिंगेची टोकं 135 अंशांत आत वळवून घ्या. काँक्रीट ओतण्याआधी स्वतः पाहा.

विमा: दरवर्षी
1 एप्रिल 2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भूकंप येतो. पॉलिसी एकदम 10 वर्षांपर्यंतचीही मिळते. हप्ता दोन-तीन कंपन्यांकडून लेखी घ्या. क्षेत्रफळ खरं सांगा.

पैसे अपुरे पडले तर टाइल्स पुढच्या वर्षी बसवा. पट्टा मात्र नंतर घालता येत नाही. तो आधी घाला.