पल्टेकचे व्हॉल्व बदलताना

पल्टेक ईक्यूपी-१ए या ईक्वलायझरचे व्हॉल्व बदलले की आवाज उजळतो, अशी समजूत स्टुडिओंत पक्की बसली आहे. ती अर्धीच खरी आहे. न्यू जर्सीच्या यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांच्या या यंत्रात बास-ट्रेबल कमीजास्त करण्याचं काम कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर करतात. त्या वाटेत सिग्नल सुमारे १६ डेसिबलने खाली येतो आणि व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर ती घट भरून काढतो. त्याला निगेटिव्ह फीडबॅक असल्याने एका व्हॉल्वचा दुसऱ्याशी असलेला फरक आणखी दबतो. म्हणून धडधाकट व्हॉल्व निव्वळ हौसेपोटी काढू नये. खरखर, कडकड किंवा विरलेला, दबका आवाज ही खरी कारणं.

आधी दोष व्हॉल्वचाच आहे ना, हे पाहा. मूळ पल्टेकमध्ये ईक्यूचा स्विच बंद केला तरी अ‍ॅम्प्लिफायर वाटेतच राहतो, त्यामुळे तुलना पॅचबेवरून यंत्र पूर्ण वगळून करावी. मग इनपुटला काही न देता मॉनिटरचा आवाज वाढवा आणि लाकडी पेन्सिलीच्या रबराने व्हॉल्वच्या डोक्यावर हलकेच टिचकी द्या. दुसरा हात यंत्रापासून लांब ठेवा, चॅसीच्या आत बोट घालू नका. टिचकीचा टणत्कार स्पीकरमधून उमटला तर व्हॉल्व मायक्रोफोनिक झाला आहे. काचेच्या माथ्यावरचा आरशासारखा चंदेरी थर दुधाळ पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व संपला. १०० हर्ट्झचा घुमारा येत असेल तर बहुधा फिल्टर कपॅसिटर थकलेले असतात. तिथे नवे व्हॉल्व आणणं म्हणजे पैसे पाण्यात. जाणत्या तंत्रज्ञालाच बोलवा.

या यंत्रात एक १२एएक्स७, एक १२एयू७ आणि रेक्टिफायरचा ६एक्स४ असतो. युरोपीय नावं अनुक्रमे ईसीसी८३, ईसीसी८२ आणि ईझेड९०. स्लोव्हाकियाची जेजे आणि रशियातला सारातोव्हचा कारखाना आजही पहिले दोन बनवतात. विकत घेताना एक गोष्ट आवर्जून मागा: दोन्ही अर्धांचा समतोल. या दोन्ही व्हॉल्वांच्या काचेत दोन-दोन ट्रायोड असतात आणि पल्टेकचा अ‍ॅम्प्लिफायर पुश-पुल आहे. एक अर्ध जोरकस आणि दुसरं अशक्त असेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधला तोल बिघडतो आणि विकृती वाढते. जुन्या नामांकित छापासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा हा तोल मोजून देणारा विक्रेता शोधावा. १२एएक्स७च्या जागी १२एटी७ मात्र बसवू नका. पिना जुळतात, पण प्रवर्धनांक १००ऐवजी ६०च्या आसपास, आणि प्रवाहाची गरजही वेगळी.

काढण्याआधी १ किलोहर्ट्झचा टोन आणि ओळखीच्या गाण्याचा एक तुकडा यंत्रातून रेकॉर्ड करा, नॉबांच्या खुणांचा फोटो काढा. मग स्विच बंद, प्लग बाहेर, आणि काच थंड होईपर्यंत थांबा. आत दोनशे व्होल्टच्या वरचा दाब असतो आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तो उरू शकतो. कव्हर उघडायचं असेल तर मीटरने दाब शून्यावर आल्याची खात्री केल्याशिवाय हात घालू नका. मीटर कसा लावायचा ते ठाऊक नसेल तर इथेच थांबा.

धातूचं आवरण किंचित दाबून फिरवलं की सुटतं. व्हॉल्व सरळ वर ओढा, फार तर अगदी हलकं गोलाकार डोलवा. वाकडा ओढला की पिन वाकते किंवा काचेला तडा जातो. सॉकेटच्या पिना काळवंडल्या असतील तर काँटॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा मारून पूर्ण वाळू द्या. नव्या व्हॉल्वच्या नऊ पिनांमधली मोकळी जागा सॉकेटच्या मोकळ्या जागेशी जुळवा आणि मगच खाली दाबा. ६एक्स४ला सातच पिना असतात. एका वेळी एकच व्हॉल्व बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कधीच कळणार नाही.

चालू करून निदान अर्धा तास तापू द्या. अमेरिकी बनावटीचं यंत्र ११५ व्होल्टचं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावूच नका. मग तोच टोन, तेच गाणं रेकॉर्ड करून दोन्ही फायलींची पातळी डेसिबलच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवा. अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो आणि व्हॉल्वबद्दलच्या निम्म्या आख्यायिका इथेच जन्मतात. जुळवल्यावरही खरखर कमी झालेली असेल, झांज आणि गायकाचा श्वास स्वच्छ येत असेल, तर बदल सार्थकी लागला. काहीच फरक नसेल तर जुना परत बसवा.

काढलेला व्हॉल्व चालू असेल तर तारीख आणि जागा लिहून डब्यात ठेवा. ऐन रेकॉर्डिंगमध्ये नवा व्हॉल्व दगा देतो तेव्हा तोच कामी येतो.