हिग्ज कणाची मोजदाद

जिनीव्हाजवळ जमिनीखालील यंत्रात प्रोटॉनच्या टकरी घडवून २०१२ साली हिग्ज कण सापडला. सापडला म्हणजे दिसला नव्हे. जन्मताच तो विघटन पावतो. मोजतात ते त्यातून निघालेले कण. शंभरांत सुमारे ५८ वेळा दोन बॉटम क्वार्क निघतात. पण तसले क्वार्क इतर टकरींतूनही भरमसाट निघतात. आपल्या नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या ढिगातून नेमक्या दोन मिरच्या ओळखाव्यात, तशी गत! ही वाट सिद्ध व्हायला २०१८ उजाडले. हजारात जेमतेम दोनदा निघणारे दोन प्रकाशकण मात्र स्वच्छ ओळखू येतात. त्यांची ऊर्जा व त्यांमधील कोन यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढता येते. (मित्रहो, कलाशाखेचा असूनही मला हा हिशेब मोह घालतो.) या टकरी टिपणाऱ्या सीएमएस यंत्रात चुंबकाबाहेर निसटलेली ऊर्जा पकडणारा एक थर आहे, तो उभारण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे.